भ्रंशपट्ट्यात तेल असतेच का, आणि असले तर ते काढतात कसे?

कराड येथे भूशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले आहे की, अमेरिकेतील टेक्सास राज्यात मेक्सिया भ्रंशपट्ट्यावर (भ्रंश म्हणजे खडक तुटून एक बाजू सरकलेली फट) शंभर वर्षांपूर्वी एकामागून एक तेलक्षेत्रे सापडली. कोयनेचा परिसरही भ्रंशांनी भरलेला आहे. शिवाय पाटण तालुक्यातील त्यांच्या शेतातल्या बोअरच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग येतो. तर आपल्याकडे तेल असण्याचा संभव किती, आणि भ्रंशपट्ट्यातील तेलक्षेत्र प्रत्यक्षात विकसित कसे करतात? माझी नोकरी गुजरातेतील खंभातच्या खोऱ्यातील तेलक्षेत्रांवर उत्पादन अभियंता म्हणून झाली आणि निवृत्तीनंतर मी सांगलीत राहतो, म्हणून दोन्ही भागांचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

तवंगाचे आधी संपवू. पाण्यावरच्या चकचकीत पापुद्र्याला काडीने हलवून पाहा. तो काचेच्या तुकड्यांसारखा फुटून तुकडे तसेच वेगळे राहिले, तर ते तेल नव्हे. पाण्यातील लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा तो पापुद्रा असतो, आणि आपल्याकडील बेसाल्टच्या विहिरींत तो नवलाचा नाही. काडी काढताच पापुद्रा पुन्हा जुळून आला, तर ते खरोखर तेल असू शकते, पण तेव्हाही आधी बोअर मारणाऱ्या गाडीच्या हॅमरला दिलेले वंगण आणि पाण्यातील पंपातून झिरपणारे तेल यांचा विचार करावा. जमिनीखालच्या तेलसाठ्याचा विचार त्यानंतर, आणि सातारा जिल्ह्यात तो करण्याची वेळ येणार नाही.

याचे कारण भ्रंशाच्या उणिवेत नाही, खडकाच्या उणिवेत आहे. तेल हे सूक्ष्म जीवांचे अवशेष असलेल्या गाळाच्या खडकात, बहुधा शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या खडकात, तयार होते, आणि त्यासाठी तो खडक साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअस तापमानाला दीर्घकाळ गाडला जावा लागतो. कोयना परिसरात बेसाल्टच्या थरांखाली काय आहे, याबद्दल एकेकाळी खरोखर मतभेद होते. 1970च्या दशकात गुरुत्वमापनावरून असा तर्क मांडला गेला होता की कोयना आणि कुर्डुवाडीच्या बाजूला बेसाल्टखाली जुन्या खचदऱ्या, म्हणजे भ्रंशांच्या दरम्यान खचलेले लांबट भूभाग, बुजलेल्या असाव्यात. खचदरी म्हटले की गाळ आला, आणि गाळ म्हटले की तेलवाल्यांचे कान टवकारतात. पण पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रकल्पात कोयनेच्या आसपास आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची अनेक विवरे (संशोधनासाठीची खोल बोअर) घेतली गेली, आणि 2017 मध्ये गोठणे येथे 3 किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर पूर्ण झाले. तेथे सुमारे 1250 मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागला. मधे गाळाचा थर नाही. ज्यातून तेल निघावे असा स्रोतच नसेल, तर वरचा भ्रंश कितीही मोठा असला तरी त्याच्याजवळ अडवायला काही नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण बेसाल्ट आणि ग्रॅनाइट म्हणजे तेल नाहीच, असाही नियम काही जण सांगतात. गुजरातेतील पादरा येथे दख्खनच्या बेसाल्टच्याच फटींतून तेल मिळाले आहे, आणि व्हिएतनामच्या समुद्रातील बाख हो हे मोठे क्षेत्र भेगाळलेल्या ग्रॅनाइटमधून उत्पादन देते. मात्र दोन्ही ठिकाणी तेल शेजारच्या किंवा वरच्या गाळाच्या खडकात तयार होऊन या भेगांत शिरलेले आहे. खंभातच्या खोऱ्यात बेसाल्ट तळाशी आहे आणि त्याच्यावर शेकडो मीटर जाडीचा इओसीन काळातला खंभात शेल बसलेला आहे. साताऱ्यात बेसाल्ट माथ्यावर आहे आणि खाली ग्रॅनाइट. तोच खडक, पण रचना उलटी, आणि सगळा फरक त्यातच आहे. सौराष्ट्रात आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात बेसाल्टखाली मध्यजीव काळातील गाळाचे खडक आहेत, म्हणून तेथे शोध घेण्याला अर्थ आहे. कोयनेत तो नाही.

आता मेक्सियाकडे वळतो, कारण भ्रंश नेमके काय काम करतो हे त्या पट्ट्याइतके स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दिसते. तेथील वुडबाइन नावाचा वालुकाश्म पूर्वेकडे, म्हणजे पूर्व टेक्सासच्या खोऱ्याकडे कललेला आहे. खोऱ्यात तयार झालेले तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे या उताराने वर, म्हणजे पश्चिमेकडे सरकत येते. वाटेत पश्चिमेकडची बाजू खाली सरकवणारे ‘सामान्य’ भ्रंश (ज्यांत तिरप्या प्रतलावरची बाजू खाली घसरलेली असते) आडवे येतात, आणि त्या सरकण्यामुळे वालुकाश्माच्या तुटलेल्या तोंडासमोर पलीकडचा अपार्य, म्हणजे तेल-पाणी आरपार जाऊ न देणारा, शेल आणि खडू येऊन बसतो. तेलाची वाट तेथे बंद होते आणि ते भ्रंशाच्या वर उचललेल्या, पूर्वेकडच्या बाजूला साठते. म्हणून ही क्षेत्रे भ्रंशाला चिकटून असलेले लांब आणि अतिशय अरुंद पट्टे आहेत.

या भूमितीत एक गंमत आहे, जी नवशिक्याला नकाशावर चटकन उमगत नाही. भ्रंशाचे प्रतल उभे नसून पश्चिमेकडे तिरपे उतरते. ते साधारण 45 अंशांनी उतरते असे धरले, तर सुमारे 900 मीटर खोलीवर, जेथे तेल आहे तेथे, भ्रंश जमिनीवरच्या आपल्या रेषेच्या तितकाच पश्चिमेला गेलेला असतो. परिणामी जमिनीवर भ्रंशरेषेच्या पश्चिमेला, म्हणजे वरवर पाहता ‘चुकीच्या’ बाजूला रिग, म्हणजे विहीर खोदणारे यंत्र, उभी करायची, विहिरीने भ्रंश ओलांडायचा आणि मग पलीकडच्या उचललेल्या बाजूतील वालुकाश्म गाठायचा. रिग आणखी पश्चिमेला सरकली की विहीर खाली सरकलेल्या बाजूत पाण्यात जाते, आणि जमिनीवरच्या रेषेच्या फार पूर्वेला गेली की तेल-पाण्याच्या सीमेखाली उतरते. उत्पादनाची पट्टी या दोहोंमध्ये.

मेक्सिया क्षेत्राचे तेल नोव्हेंबर 1920 मध्ये लागले. 1922 या एका वर्षात तेथून सुमारे साडेतीन कोटी बॅरल तेल निघाले, गावाची लोकवस्ती काही हजारांवरून अनेक पटींनी फुगली, आणि जानेवारी 1922 मध्ये तर तेथे लष्करी कायदा पुकारावा लागला. त्याच पट्ट्यावरील पॉवेल क्षेत्राने नोव्हेंबर 1923 मध्ये रोज साडेतीन लाख बॅरलच्या वर मजल मारली. पट्ट्याच्या दक्षिण टोकाजवळचे लुलिंग ऑगस्ट 1922 मध्ये सापडले. तेथे साठवण खडक, म्हणजे ज्याच्या छिद्रांत तेल साठते तो, वालुकाश्म नसून एडवर्ड्स चुनखडी आहे. हे आकडे वाचून डोळे दिपतात, पण या क्षेत्रांचा उतारही तितकाच तीव्र होता आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वुडबाइनमधले तेल खालून रेटणाऱ्या पाण्याच्या जोरावर वर येत होते. अमेरिकेत त्या काळी जमीनमालक खालच्या तेलाचाही मालक असे आणि जो आधी उपसेल त्याचे तेल, असा व्यवहार होता. त्यामुळे छोट्या छोट्या तुकड्यांवर शेजारी-शेजारी विहिरी झाल्या आणि प्रत्येकाने नळ पूर्ण उघडला. अरुंद पट्टीत असा उपसा झाला की पाणी सपाट पातळीने वर चढत नाही, विहिरींकडे जिभा काढत धावते, आणि मधले तेल मागे सोडते. आपल्याकडे जमिनीखालचे खनिज तेल शासनाच्या मालकीचे असते आणि 1948 च्या तेलक्षेत्रे (नियमन व विकास) अधिनियमाखाली भाडेपट्टा घेऊनच ते काढता येते. शेतकऱ्याला जमिनीच्या वापराचा मोबदला मिळतो, तेलाचा नाही. शेतकऱ्याच्या बाजूने यावर टीका करता येईल, पण साठ्याच्या दृष्टीने एका क्षेत्राचे नियोजन एका हाती असणे किती मोलाचे आहे, हे मेक्सियाने दाखवून दिले.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. भ्रंशपट्ट्यातील क्षेत्राच्या विकासात पहिला आणि शेवटपर्यंत न सुटणारा प्रश्न एकच असतो: हा भ्रंश अडवतो की सोडतो? त्याचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे भ्रंशाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कोणते खडक आले. वालुकाश्मासमोर शेल आला तर अडसर, वालुकाश्मासमोर वालुकाश्मच आला तर वाट मोकळी असण्याचा संभव. दुसरी म्हणजे सरकताना भ्रंशाच्या फटीत किती चिकणमाती ओढली आणि चोपडली गेली. एखाद्या बिंदूपासून सरकून गेलेल्या खडकांत मातीचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांच्या वर असेल, तर वालुकाश्मासमोर वालुकाश्म असूनही भ्रंश बंद धरण्याचा प्रघात आहे. तिसरी म्हणजे घर्षणाने वाळूचे कण चिरडून झालेला बारीक चुरा आणि त्यात नंतर जमलेली खनिजे. पण हे सगळे अंदाज विहीर खोदण्यापूर्वीचे. त्यांच्यावर गुंतवणुकीचा निर्णय घ्यावा लागतो, मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे.

याचे कारण असे की, भूशास्त्रीय काळातील भ्रंशाचे वागणे आणि उत्पादनाच्या काळातील त्याचे वागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भ्रंशांनी वेगळ्या केलेल्या दोन शेजारच्या तुकड्यांत, म्हणजे गटांत, तेल-पाण्याची सीमा एकाच खोलीवर आढळली, तर अननुभवी माणूस लगेच म्हणतो की दोन्ही गट जोडलेले आहेत. असतीलही, पण लाखो वर्षांत थेंबथेंब झिरपून पातळी एक झालेली असू शकते, आणि उपसा सुरू झाल्यावर तोच भ्रंश वीस वर्षांच्या हिशेबात भिंतीसारखा वागतो. उलट, लाखो वर्षे तेल धरून ठेवलेला भ्रंश एका बाजूचा दाब शेकडो मीटर पाण्याच्या स्तंभाइतका उतरवल्यावर गळू लागतो, कारण त्याची तेल धरण्याची ताकद मुळात मर्यादित होती आणि तिची परीक्षा कधी झालीच नव्हती. उसाच्या वाफ्यांत पाणी देणाऱ्याला बांध कोठे पक्का आणि कोठे खेकड्याने पोखरलेला आहे, हे शेजारचा वाफा भरला की नाही यावरूनच कळते. येथेही तसेच, फक्त वाफे दोन किलोमीटर खोल आहेत.

म्हणून खरी माहिती दाबातून मिळते. नवी विहीर घेतली की केसिंग (विहिरीच्या भिंतीला बसवायचा पोलादी नळ) टाकण्यापूर्वी वायरलाइनवरील, म्हणजे तारेने खाली सोडलेल्या, उपकरणाने थराथरांतील दाब मोजावा. शेजारचा गट पाच वर्षे उत्पादन देत आहे आणि नव्या विहिरीत दाब मूळ, अस्पर्शित निघाला, तर मधला भ्रंश अडवतो हे जवळजवळ सिद्ध झाले. दाब उतरलेला निघाला, तर तुमचे तेल शेजारची विहीर आधीच ओढते आहे. चालू विहीर बंद करून दाब चढण्याची नोंद घेतात, त्या प्रेशर बिल्ड-अप चाचणीत भ्रंशाची चाहूल आणखी सुंदर लागते: विहिरीजवळ एक बंद भ्रंश असेल, तर काळाच्या लॉगरिथमिक मापावर दाबाच्या रेषेचा उतार ठराविक वेळेनंतर दुप्पट होतो, आणि तो बदल किती वेळाने आला यावरून भ्रंशाचे अंतर काढता येते. दोन समांतर भ्रंशांमधल्या पट्टीत विहीर असेल, तर दाब पुढे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलू लागतो. याशिवाय दोन्ही बाजूंच्या तेलाचे गॅस क्रोमॅटोग्राफीने (घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) घेतलेले ‘ठसे’ ताडून पाहतात, आणि पाण्यात ट्रेसर, म्हणजे माग काढता येईल असा पदार्थ, मिसळून तो कोणत्या विहिरीत उगवतो हे बघतात. हे सारे स्वस्त आहे असे नाही, कारण विहीर बंद ठेवणे म्हणजे तितक्या दिवसांचे तेल सोडणे, आणि दैनंदिन आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या वरिष्ठांना ते रुचत नाही. तरीही चाचणी टाळून वाचवलेले दिवस पुढे चुकीच्या जागी घेतलेल्या विहिरीच्या रूपाने परत द्यावे लागतात.

सेस्मिक सर्वेक्षणाबद्दल, म्हणजे जमिनीत ध्वनितरंग सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून थरांचे चित्र काढण्याबद्दल, विद्यार्थ्यांच्या मनात अवास्तव विश्वास असतो, म्हणून एक साधा हिशेब सांगतो. खडकातील ध्वनिवेग सेकंदाला 3000 मीटर आणि तरंगांची वारंवारिता 30 हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी 100 मीटर येते, आणि तिच्या चौथ्या भागाहून, म्हणजे सुमारे 25 मीटरहून, पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे ओळखणे अवघड जाते. त्याहून बरेच कमी सरकलेले भ्रंश चित्रात सुटून जाऊ शकतात. साठवण वालुकाश्म मात्र शेलमध्ये अडकलेल्या 3-4 मीटरच्या पट्ट्यांचा असेल, तर 10 मीटर सरकलेला, नकाशावर न दिसणारा भ्रंशही त्याचे पूर्ण दोन तुकडे करतो. खंभातच्या खोऱ्यात आम्हाला अशा भ्रंशांची ओळख बहुधा विहिरीच्या लॉगवरूनच, म्हणजे खोलीनुसार घेतलेल्या खडकांच्या मापांच्या नोंदीवरूनच, होत असे: सामान्य भ्रंश ओलांडला की ओळखीच्या थरांपैकी काही मीटर गायब होतात, आणि उलटा भ्रंश (ज्यात प्रतलावरची बाजू वर चढलेली असते) ओलांडला की तेच थर दोनदा येतात.

विहिरीची जागा ठरवताना दोन ओढी परस्परविरुद्ध असतात. तेल सर्वांत उंच कोपऱ्यात, म्हणजे भ्रंशाला अगदी लगटून साठलेले असते. वरची विहीर भ्रंशापासून जितकी दूर, तितके माथ्यावरचे तेल कायमचे मागे राहते. पण फार जवळ गेले, तर सर्वेक्षणातील थोड्याशा चुकीने विहीर भ्रंशात शिरते आणि साठवण थरच कापला जातो. शिवाय भ्रंशाच्या भेगाळलेल्या पट्ट्यात ड्रिलिंग मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव, एकाएकी खडकात निघून जातो, विहिरीतला मडचा स्तंभ उतरतो, आणि वरच्या एखाद्या थरातील वायू आत शिरायला संधी मिळते. म्हणून भ्रंश ओलांडायचाच असेल, तर तो शक्य तितक्या काटकोनात, थोडक्या लांबीत ओलांडावा, त्याच्या वरपर्यंत केसिंग बसवून सिमेंट करून घ्यावे, आणि मड शोषणाऱ्या भेगा बुजवण्याचे साहित्य रिगवर आधीच आणून ठेवावे. माथ्यावरच्या तेलासाठी अलीकडे भ्रंशाला समांतर आडव्या विहिरी घेतात, आणि हाच मार्ग मला सर्वांत पटतो, मात्र आधीच्या उभ्या विहिरींनी भ्रंशाची जागा पक्की केल्यानंतरच.

राजस्थानातील बाडमेरच्या खचदरीतले मंगला क्षेत्र या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. जानेवारी 2004 मध्ये सापडलेले हे क्षेत्र कललेल्या भ्रंशगटाचे आहे, साठवण खडक फतेहगड वालुकाश्म, आणि तेल इतके मेणचट की नेहमीच्या तापमानाला ते गोठते. म्हणून तेलवाहिनी वाटभर तापवून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यावी लागली. 2009 मध्ये उत्पादन सुरू करतानाच दाब टिकवण्यासाठी साठ्यात पाणी भरण्याची योजना तयार होती, आणि पुढे पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करण्यात आले, जेणेकरून पाणी तेलाला बगल देऊन पुढे पळू नये. दाब कोसळल्यावर उपाय शोधायचा ही जुनी रीत. दाब कोसळूच द्यायचा नाही ही नवी.

पाणी भरण्याचा मूळ नियम सोपा आहे: जमिनीखालच्या मापाने जेवढे द्रव काढले तेवढेच परत घालावे. भ्रंशांनी तुकडे झालेल्या क्षेत्रात तो नियम प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे लागू होतो. संपूर्ण क्षेत्राची बेरीज बरोबर आली, पण एका गटात दुप्पट पाणी आणि दुसऱ्यात शून्य, अशी स्थिती असेल तर कागद नीट आणि साठा बिघडलेला. कॅलिफोर्नियातील विल्मिंग्टन क्षेत्र भ्रंशांनी अनेक गटांत विभागलेले आहे. तेथे पाणी न भरता झालेल्या उपशाने लाँग बीच बंदराचा भाग सुमारे 9 मीटर खचला, आणि 1958 च्या कायद्यानंतर गटवार एकत्रित व्यवस्थापन करून पाणी भरू लागल्यावरच ते खचणे थांबले.

मात्र पाणी भरताना दाब किती वाढवायचा, याला मर्यादा आहे, आणि येथे कोयनेच्या माणसाला बाकीच्यांपेक्षा अधिक समजायला हवे. 1962 पासून कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. 1985 पासून वारणेचे धरण भरू लागल्यावर त्या बाजूलाही धक्के वाढले. भ्रंशाच्या फटीतील पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंना एकमेकांवर दाबून धरणारा परिणामी ताण कमी होतो, आणि आधीच ताणाखाली असलेला भ्रंश सरकतो. त्याच दशकात अमेरिकेत डेन्व्हरजवळ सुमारे 3.7 किलोमीटर खोल विहिरीत सांडपाणी सोडल्यावर धक्के सुरू झाले, आणि पाणी सोडणे 1966 मध्ये थांबवल्यानंतरही तेथील सर्वांत मोठे धक्के 1967 मध्ये झाले, कारण दाब खडकात पसरत जायला वेळ लागतो. कोलोरॅडोतील रेंजली तेलक्षेत्रात 1969 ते 1973 या काळात भूशास्त्रज्ञांनी दाब मुद्दाम कमी-जास्त करून दाखवून दिले की एका ठराविक मर्यादेच्या वर गेल्यास धक्के सुरू होतात आणि खाली आणल्यास थांबतात. ओक्लाहोमात तेलासोबत निघालेले खारे पाणी पायाखडकाजवळच्या थरात सोडत राहिल्यामुळे धक्के इतके वाढले की सप्टेंबर 2016 मध्ये पॉनीजवळ 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला.

म्हणून भ्रंशपट्ट्यातील क्षेत्रात इंजेक्शन विहीर, म्हणजे पाणी भरण्याची विहीर, भ्रंशापासून अंतर राखून घ्यावी, तिचा तळाचा दाब खडक फुटण्याच्या दाबाखाली आणि भ्रंश सरकण्याच्या हिशेबी दाबाच्याही खाली ठेवावा, आणि परिसरात भूकंपमापक बसवून ठराविक तीव्रतेचा धक्का नोंदला गेल्यास दाब उतरवणे व त्याहून मोठा झाल्यास पंप बंद करणे, हे आधीच लेखी ठरवून ठेवावे. या हिशेबासाठी लागणारी मापे, म्हणजे खडकातील ताणांची दिशा, फटींतील द्रवाचा दाब आणि भ्रंशातील चुऱ्याचे घर्षण, यांचाच अभ्यास कराडजवळ हजारमाचीच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीत गोठण्याच्या विवरावरून चालतो. या विद्यार्थ्याला तेलाच्या व्यवसायात यायचे असेल, तर त्याने तेथील खडकांचे नमुने आणि लॉग पाहण्याची परवानगी आपल्या विभागामार्फत मागावी, आणि बिल्ड-अप चाचणीचे गणित मात्र एखाद्या वालुकाश्माच्या क्षेत्राच्या आकड्यांवर हाताने करून बघावे.